पद्मिनीचा डॅशबोर्ड उतरवण्याआधी समोरची काच काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी घेतलेली १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी, गाडी कोल्हापुरात. डॅशबोर्डवरचं काळं रेक्झिन काचेकडच्या बाजूने तडकून वर उचललंय, डॅशच्या समोरची चकचकीत पट्टी एका टोकाला सुटलीय, आणि पावसात डाव्या बाजूला पायाशी पाणी साचतं. डॅशबोर्डवर चिकटवायचं तयार फायबरचं कव्हर तुम्ही पाहून ठेवलंय. ते घ्यावं का, आणि काचा-दरवाजांची रबरं कुठली घेऊन कशी बसवावी, हे विचारलंय. काम शक्यतो स्वतःच्या हाताने करायचंय.

कव्हर घेऊ नका. आणि डॅशबोर्डपासून सुरुवातही करू नका.

तुम्ही तीन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत, पण मला त्यातल्या दोन एकच दिसतात. रेक्झिन काचेकडच्या कडेने उचलतं तेव्हा दोष एकट्या उन्हाचा नसतो. ऊन वरून मारतं आणि पाणी खालून. काचेचं रबर म्हातारं झालं की पाणी त्याच्या ओठाखालून शिरतं आणि डॅशच्या पॅडमागे उतरतं. तिथला फोम ते स्पंजासारखा धरून ठेवतो. चार महिने पाऊस, मग सहा महिने ऊन, असं वर्षानुवर्षं झालं की रेक्झिनचा मऊपणा जातो, ते चिकटवणारं सोल्युशन सुटतं आणि खालचा पत्रा तपकिरी पडायला लागतो. वरून कव्हर चिकटवलंत तर हा सगळा ओलावा तुम्ही झाकणाखाली कोंडाल. अशी कव्हरं काढून खालचा पत्रा पाहायची वेळ माझ्यावर अनेकदा आलीय. कव्हर छान दिसत असतं आणि खाली पत्र्याला बोट लावलं की ते आरपार जातं.

दुसरं कारण साधं, हाताच्या पोहोचीचं. वरच्या पॅडची मागची कड काचेच्या रबराला भिडलेली असते. काच जागेवर असताना तिथे ना जुनं रेक्झिन नीट सुटतं, ना नवीन नीट दाबता येतं. ब्लेड घालून कड कापली की ती दिसायला बरी दिसते, पण पुढच्या उन्हाळ्यात मागे सरकते आणि पिवळ्या फोमची रेघ उघडी पडते. म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग काच काढायची, पत्र्याची कड दुरुस्त करायची, त्याच वेळी डॅशचं काम उरकायचं, आणि शेवटी नवीन रबरासह काच बसवायची. काच एकदाच काढावी लागेल असं बघा.

आमचं गाड्यांच्या कुशनचं दुकान पुण्यात नाना पेठेत. मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. त्या काळात फियाट आणि पद्मिनी म्हणजे रोजचं काम होतं. आज पद्मिनी आली की माझी मुलं बाहेर येऊन बघतात. मला या गाड्यांचं मनापासून वाटतं, त्यामुळे उत्तर लांबेल.

पाण्यापासून सुरू करू. गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर उभ्या गाडीत पाणी एका कोपऱ्यातून शिरतं आणि भलत्याच कोपऱ्यात पडतं. मॅट काढा आणि खाली कोरडी वर्तमानपत्रं पसरा. डावीकडचा खण मोकळा करा. एक माणूस आत पाठीवर झोपून टॉर्चने डॅशच्या खाली वर बघत राहील, दुसरा बाहेर पाईप धरेल. पाईपला नोझल नको, प्रेशर तर अजिबात नको. पाऊस जिथे कधीच पोहोचणार नाही तिथे प्रेशरचं पाणी घुसतं आणि तुम्ही नसलेल्या चुका दुरुस्त करत बसता. पाणी नुसतं वाहू द्या, आणि खालून वर जा. आधी वायपरच्या दांड्या पत्र्यातून वर येतात तिथे पाच मिनिटं, मग काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, मग वरची कड, आणि सगळ्यात शेवटी दरवाजा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही.

हे सांगतोय कारण डाव्या पायाशी पाणी म्हणजे काचेचंच रबर, असं दर वेळी नसतं. वायपरच्या दांडीखालचा रबरी वायसर वाळून फुटलेला असतो. इंजिनाच्या बाजूने वायरी आणि केबली आत येतात तिथली ग्रोमेटं, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसणारी रबरी कडी, कडक होऊन निम्मी गळून पडलेली असतात. ही ग्रोमेटं चार आण्याची वस्तू वाटते, पण ती नसली की वायर थेट पत्र्याच्या धारेवर घासते, आणि मग प्रश्न पाण्याचा राहत नाही, आगीचा होतो. डॅश उघडाल तेव्हा सगळी ग्रोमेटं एकदम बदला. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आता रबराची खरेदी. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या तेव्हा त्यांचं रबर हा रोजचा खप होता. ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलं की ढिगातून निवडून घ्यायचं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. माल अजून मिळतो, पण काही जुना शिल्लक असतो, काही कुणीतरी साच्यावरून अंदाजाने काढलेला. दोन्ही नीट पारखून घ्यावे लागतात. जुन्या शिलकीचं रबर पॅकबंद असलं म्हणजे ताजं, असं समजू नका. रबर कपाटातही म्हातारं होतं. हातात घेऊन दुमडा आणि दुमडलेल्या जागी बारकाईने बघा. ताणाच्या आडव्या दिशेने केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर ते परत द्या. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला अशाच चिरा पाडतो, आणि बसवल्यावर कोपऱ्यात ते ताणलेलंच राहणार आहे.

नव्याने काढलेल्या मालात दोन जाती भेटतात. एक ईपीडीएम, म्हणजे आजच्या गाड्यांच्या काचा-दरवाजांना जे रबर असतं ते. ऊन, पाणी, ओझोन हे तिन्ही ते चांगलं सोसतं. दुसरी म्हणजे रबरासारखं दिसणारं पीव्हीसी. ते जास्त चमकतं, त्याला नव्या प्लास्टिकच्या चपलेचा वास येतो, किंमत कमी असते, आणि दुकानदार दोन्हीला ‘रबर’च म्हणतो. घरी ओळखायचा सोपा उपाय आहे. बोटभर तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. पीव्हीसी सकाळी काठीसारखं ताठ होतं, ईपीडीएम जवळजवळ तसंच वाकतं. पीव्हीसीचं बसवलेलं रबर दोनेक उन्हाळ्यांत आकसतं, कोपऱ्यातून मागे सरतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर येता. कडकपणा शोअर ए मापावर ६० ते ७०च्या आसपास हवा. माप घ्यायचं साधन नसेल तर टायरच्या रबरावर नख दाबून बघा आणि मग या नवीन रबरावर दाबा. साधारण तेवढाच विरोध जाणवला पाहिजे. फार मऊ रबर काचेचं वजन पेलत नाही, फार कडक कोपऱ्यात वळत नाही.

आणि शक्य असेल तर पूर्ण कडं घ्या, कारखान्यात कोपऱ्यांसह जोडलेलं. मीटरवर मिळणारं घ्यावंच लागलं तर जोड वरच्या कडेला मधोमध येऊ द्या, खाली कधीच नको, कारण पाणी खालीच थांबतं. हे मी नुकसान सोसून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीला मीटरचं रबर लावलं, जोड खालच्या कोपऱ्यात ठेवला, आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडला. असा गोंद वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि रबर मात्र रोज उन्हाने हलत असतं. पहिल्याच मोठ्या पावसात जोड उघडला. मी तीन दिवस बसून चढवलेलं रेक्झिन भिजून फुगलं. मालकाने एक शब्दही बोलून दाखवला नाही, गाडी परत आणून उभी केली. ते काम मी पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि त्यानंतर खालच्या कोपऱ्यात जोड कधी ठेवला नाही. मीटरचं रबर कापताना दहा-पंधरा मिलिमीटर जास्तच ठेवा. दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जाऊन बसली पाहिजेत, ओढून नाही.

काच काढताना जुनं रबर वाचवायचा मोह सोडा. वाचवायची आहे ती काच. काचेच्या रबरातही एक चकचकीत पट्टी बसवलेली असेल तर ती आधी काढा, स्क्रूड्रायव्हरने नाही, लाकडी पाचरीने. ती पट्टी वाकली की तशी दुसरी शोधायला तुम्हाला आठवडे लागतील. मग धारदार कटरने रबराचा बाहेरचा ओठ पूर्ण गोल कापून टाका, म्हणजे काच बाहेरच्या बाजूने मोकळी होते. आतून दोन माणसांनी वरच्या कोपऱ्यांवर टॉवेलची घडी ठेवून तळहाताने हळूहळू दाबायचं, बाहेर दोघांनी झेलायची. गाडीची मूळ काच अजून असेल तर ती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असू शकते. कोपऱ्यातला शिक्का वाचा. टफन्ड काच मधोमध बरंच सोसते, पण तिच्या कडेला पान्याचा नुसता टोला लागला तरी सबंध काचेचे खडे होतात. लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, असेल तर तिला पीळ सहन होत नाही. एका कोपऱ्यात जोर, दुसरा अडकलेला, असं झालं की कडेपासून तडा धावतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच.

कापलेल्या रबराचा चार बोटं लांबीचा स्वच्छ तुकडा जपून ठेवा. नवीन रबराशी मापाला तोच लागतो. कापलेला काप समोर धरून बघा: एक खाच काचेची, एक खाच पत्र्याची, आणि पट्टी असेल तर तिची एक बारीक खाच. नवीन रबरात पत्र्याची खाच जुन्याहून रुंद असेल तर पाणी येणार, अरुंद असेल तर ते बसणारच नाही.

काच निघाली की जी पत्र्याची कड दिसेल तिच्यासाठी मनाची तयारी ठेवा. खालचे दोन कोपरे बहुतेक सडलेले निघतात. कोकणातून आणि गोव्यातून येणाऱ्या गाड्यांत तर मी ते धरूनच चालतो. नागपूर-अमरावतीकडच्या गाड्यांत उलट असतं, पत्रा शाबूत आणि रेक्झिनचे पापड. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता तुमच्याकडे दोन्ही थोडंथोडं निघेल असा माझा अंदाज आहे. वरवरचा गंज वायर ब्रशने खरवडून, गंज बांधणारं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावून, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग. आरपार भोक असेल तर पत्रा वेल्ड करा. इथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरू नका. डेंटर-पेंटर मंडळींचा हात आपोआप लांबीच्या डब्याकडे जातो, त्यांना आधीच सांगून ठेवा. त्या कडेवर लांबीचा दोन मिलिमीटरचा उंचवटा राहिला तरी रबर तिथे उचललं जातं, आणि काच बसवताना नेमकी तिथेच तडकते. जुन्या अपघातात कुणी लांबी भरून ठेवलेली असेल तीही काढा. सगळ्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवा. नजरेला जे दिसत नाही ते बोटाला कळतं. रंग पूर्ण सुकायला आठवडाभर तरी द्या. ओल्या रंगावर रबर दाबलं की रंग रबराबरोबर निघून येतो.

हा जो आठवडा मिळतो तो डॅशबोर्डचा.

बॅटरीची अर्थिंगची वायर काढा. मीटरमागे हात घालून स्पीडोमीटरच्या केबलची दातेरी चकती हाताने सोडवा. प्रत्येक वायरला सुटण्याआधी कागदी टेप लावून त्यावर ती कुठली ते लिहा. फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका. चाळीस वर्षांत तांबडी वायर आणि तपकिरी वायर फोटोत एकच दिसतात. स्क्रू एका डब्यात एकत्र टाकू नका. पुठ्ठ्यावर डॅशचं चित्र काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. वडिलांची ही रीत आम्ही अजून पाळतो.

जुनं रेक्झिन सोलताना ते फाडून टाकू नका. जमेल तितकं एकसंध काढा. तेच तुमचं माप आहे. आतल्या दुमडलेल्या कडेवर, जिथे ऊन कधी पोहोचलं नाही, तिथे मूळ रंग आणि मूळ दाणा, म्हणजे पृष्ठभागावरची नक्षी, अजून तसाच असतो. ती जागा मला नेहमी पाहावीशी वाटते. बाहेर राखाडी पडलेलं रेक्झिन, आणि घडी उलगडली की आत बोटभर रुंदीची गडद, मऊ पट्टी, कारखान्यातून आली त्या दिवसासारखी. तो तुकडा कापून खिशात ठेवा आणि रेक्झिन आणायला जाताना बरोबर न्या.

खालचा फोम बोटाला पिवळ्या पिठासारखा लागेल. ओलावा आणि उष्णता यांनी तो असाच विरतो, त्याला वाचवता येत नाही. सगळा खरवडून पत्र्यापर्यंत जा, पत्र्याला प्रायमर द्या. नवीन फोम घेताना तो पाण्यात बुडवून पिळा. पाणी टपकलं तर तो सोफ्याचा फोम, तो नको. पाणी न पिणारा, बंद पेशींचा, साधारण पाच मिलिमीटर जाडीचा घ्या. जिथे मूळ पॅड जाड होता तिथे थर चढवा आणि पॉलिशपेपरने घासून गोलाई आणा. घाई इथेच नडते. फोममधला प्रत्येक खड्डा रेक्झिन चढल्यावर दुप्पट दिसतो, आणि काचेतून येणारा तिरपा उजेड एकही खड्डा माफ करत नाही.

रेक्झिन गाडीसाठीचंच हवं. मागे विणीचं कापड असलेलं, दोन्ही दिशांना ताण घेणारं. सोफ्याच्या रेक्झिनमध्ये मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य उन्हात लवकर उडतं, काचेच्या आतल्या बाजूला त्याचा धुरकट थर बसतो, आणि रेक्झिन वाळून तडकतं. दाणा मॅट ठेवा. चमकणारा डॅश दुपारच्या उन्हात काचेत उमटतो आणि रस्ता दिसत नाही.

सोल्युशन उष्णता सोसणारं मागा. बंद गाडीत, उन्हाळ्यात डॅशचा वरचा भाग ७०-८० अंशांपर्यंत तापतो आणि साधं सोल्युशन त्या तापात पुन्हा मऊ होतं. रेक्झिनच्या पाठीला आणि फोमला, दोन्हीकडे पातळ दोन हात द्या. दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाची पाठ लावल्यावर चिकटत नाही, पण ओढ जाणवते, अशी वेळ आली की मगच टेकवा. मधून सुरुवात करा आणि दोन्ही टोकांकडे जा. आधी सपाट भाग, मग मीटरच्या वरची कमान. कमानीवर हीटगनने गरम करताना गन एक वीत लांब आणि हलती ठेवा. एका जागी धरली की दाणा मरतो आणि तिथे गुळगुळीत, चकचकीत डाग पडतो, तो कशानेही परत येत नाही. तुमच्याकडे पहिलाच प्रयत्न असल्याने अर्धा मीटर रेक्झिन जास्त आणा आणि आधी एखाद्या उलट्या पातेल्यावर चढवून पाहा. आमच्या दुकानात नवीन पोराला आम्ही पहिले काही दिवस हेच करायला देतो.

एक गोष्ट अनुभवी कुशनवालेही चुकतात, ती नीट वाचा. रेक्झिनची मागची कड काचेच्या रबराखाली पत्र्याच्या कडेवर घेऊ नका. दिसायला ते साफ दिसतं, पण रेक्झिनच्या पाठीचं कापड दिव्याच्या वातीसारखं काम करतं. रबराखाली थेंबभर पाणी आलं की ते कापडातून ओढलं जाऊन पूर्ण पॅडमध्ये पसरतं. कड पत्र्याच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर अलीकडे थांबवा आणि कापलेल्या धारेला सोल्युशनचा हात देऊन बंद करा. रबराचा ओठ ती फट झाकतो.

समोरच्या सुटलेल्या पट्टीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ती ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची असेल तर पितळ घासायचं पॉलिश लावू नका, वरचा संरक्षक थर निघून जातो आणि महिन्याभरात ती धुरकट पडते. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं. सुटलीय ती बहुतेक मागची क्लिप गंजल्यामुळे. सगळ्या क्लिपा एकदम बदला, आणि पट्टी चिकटवू नका. पुढच्या वेळी ती काढणारा माणूस तुम्हाला दुवा देईल. क्लिपा, नॉब, खणाचं कुलूप असल्या वस्तूंसाठी रविवारी किंवा बुधवारी पुण्यात मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात एक फेरी मारायला हरकत नाही.

आता काच. हे काम दुपारी करा, ऊन असताना. नवीन रबर तासभर उन्हात ठेवा, ते वळायला तयार होतं. काच टेबलावर ब्लँकेट टाकून त्यावर ठेवा, रबर काचेवर चढवा, आणि चकचकीत पट्टी असेल तर ती इथेच, टेबलावरच रबरात बसवा. काच गाडीला लागल्यावर ती बसवणं फार कठीण जातं. मग चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी घ्या आणि पत्र्याच्या खाचेत पूर्ण गोल भरा. दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून हातभर जाऊन बाहेर लोंबू द्या. खाचेला आणि पत्र्याला साबणाचं पाणी भरपूर लावा, ग्लिसरीनही चालेल. ग्रीस, इंजिन ऑईल, डिझेल यांतलं काहीही नको, ईपीडीएम तेलाने फुगतं. सिलिकॉनचा स्प्रेही इथे टाळा, पुढे कधी रंगकाम निघालं तर त्या जागी रंग डोळे मारतो, म्हणजे त्यात बारीक गोल खड्डे पडतात.

बाहेर दोन माणसांनी काच नेमकी मधोमध धरून दाबायची, दोरीची टोकं आत. आतल्या माणसाने एक टोक काचेला काटकोनात, आपल्याकडे ओढायचं. दोरी बाहेर येते तसा रबराचा आतला ओठ पत्र्याच्या कडेवरून उडी मारून आत येतो. प्रत्येक बोटभर अंतरावर ‘टप’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज नियमित येत असेल तर सगळं बरोबर चाललंय. थांबला तर ओढू नका. बाहेरच्याने त्या जागी तळहाताने थोपटायचं, मुठीने नाही, आणि ओठ आला की पुढे. कोपऱ्यात वेळ द्या. दोरी जोरात ओढली की नवीन रबराचा ओठ चिरतो. एका बाजूने कोपऱ्यापर्यंत या, मग दुसऱ्या टोकाने दुसऱ्या बाजूने, आणि वरची कड सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा करताना तास-दीड तास लागेल. तीन माणसं हवीतच, चौथा असला तर साबणाच्या पाण्याला बरा.

बसल्यावर लगेच सीलंट भरू नका. नीट बसलेलं रबर स्वतः पाणी अडवतं. दोन दिवसांनी पाणी मारून बघा, आणि एखाद्या जागी झिरपलंच तर ओठ लाकडी पट्टीने उचलून त्याखाली न वाळणारं ब्युटाइल सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन मात्र कधीही नको. वाळताना ते आम्ल सोडतं, आणि तुम्ही आठवडाभर खपून वाचवलेला पत्रा तेच आतून खायला लागतं.

दरवाजांची रबरं तुलनेने सोपी. जुन्या सोल्युशनचे थर थिनरने पूर्ण काढा, इथे जोड, समोरच्या काचेच्या उलट, दरवाजाच्या खालच्या कडेला ठेवा, कोपऱ्यात रबर ओढून नाही तर थोडं ढिलं सोडून वळवा. नवीन रबरावर दरवाजा जोर लावल्याशिवाय लागणार नाही. घाबरून कुलपाची पकड लगेच सरकवू नका, दोन-तीन आठवड्यांत रबर दबतं. दाब तपासायला वहीच्या कागदाची पट्टी दरवाजात धरून दरवाजा लावा आणि ओढा. अडखळत निघाली पाहिजे. सहज निघाली तर त्या जागी फट आहे. तिकोनी काचेचं रबर साच्यातलंच घ्या, ते मीटरवर जमत नाही. खालीवर होणाऱ्या काचांचे फेल्टचे चॅनेल झिजलेले असतील तर ते याच वेळी बदला, खडखडाट अर्धा कमी होतो. दरवाजाच्या तळाची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा. ती बुजली की चांगलं रबर लावूनही दरवाजा आतून सडतो.

वेळेचं बघा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात घ्या, म्हणजे रंग, सोल्युशन आणि रबर तिघांनाही ऊन मिळेल. मे महिन्यात पुन्हा एकदा पाईप, टॉर्च आणि वर्तमानपत्रं घेऊन बसा, त्याच क्रमाने, खालून वर. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर डाव्या बाजूचा कागद कोरडा निघाला की मगच मॅट परत घाला.